लिफ्टच्या खड्ड्यातलं पाणी

अल्काबेरा गावाच्या कडेला 'लोस लिमोनेरोस' नावाची चार मजली नवी इमारत आहे. लिमोनेरोस म्हणजे लिंबोण्या. इमारतीसाठी एकशे साठ लिंबोण्या तोडल्या आणि मग त्यांची आठवण म्हणून हे नाव दिलं. बिल्डर मंडळींची आठवण काढायची हीच रीत. त्या एकशे साठ झाडांचा मालक होता हिनेस बेलमोन्ते. त्यानं बाग दिली आणि तिच्या बदल्यात चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला. आमच्याकडे असे व्यवहार पुष्कळ होतात, जमीन द्या आणि घर घ्या.

हिनेसनं हे स्वतःसाठी केलं नव्हतं. त्याची बायको फुएन्सान्ता हिचे गुडघे तेव्हाच कुरकुरायला लागले होते आणि जुन्या घराचा जिना माडीवर जायच्या शिडीसारखा उभा होता. नव्या घरात लिफ्ट होती, म्हणून त्यानं बाग दिली. पुढे गेल्या हिवाळ्यात फुएन्सान्ता बाजारात घसरून पडली, खुबा मोडला, तेव्हा तो सगळ्यांना सांगत सुटला, "बघा, लिफ्ट घेऊन ठेवली ते किती बरं झालं."

इमारत नवी कोरी होती, पण तिच्यात सामाईक असं जे जे होतं ते जन्मापासूनच अधू. पोहण्याच्या तलावाचा काठ एका टोकाला चार बोटं खाली, त्यामुळे तलाव भरायला घेतला की पाणी तिकडून हिरवळीवर सांडायचं. गॅरेजचं दार शेजारच्या इमारतीच्या रिमोटनं हटकून उघडायचं आणि आपल्या रिमोटनं लहर लागली तर. जिन्यातला दिवा माणूस दुसऱ्या मजल्यावर पोचायच्या आत विझायचा. मुलांची घसरगुंडी कुण्या शहाण्यानं भिंतीकडे तोंड करून बसवली होती. लोक बैठकीत भांडत, बांधकाम कंपनीला पत्रं लिहीत. हिनेस मात्र कधी तक्रार करायचा नाही. नळ फिरवला की गरम पाणी येतं याचंच त्याला अप्रूप होतं. रखवालदारानं दार उघडलं तरी आभार, पोस्टमननं बिल आणलं तरी आभार. माणूस असा की त्याला शिव्या दिल्या तर तो आवाज छान आहे म्हणेल, असं लोक गमतीनं म्हणत.

आणि मग जूनमध्ये लिफ्टच्या खड्ड्यात पाणी यायला लागलं.

कुठून येतं ते कुणालाच कळेना. यायचं, खड्ड्यातल्या पंपाचा भोंगा ओरडायला लागायचा, मेकॅनिक यायचा, उपसायचा, सुकवायचा, लिफ्ट चार दिवस चालायची आणि पुन्हा तेच. जुलैच्या मध्याला तिच्यातलं काहीतरी कायमचं जळलं. कंपनी म्हणाली, पाण्याचं कारण कळेपर्यंत नवा भाग बसवणार नाही. तिचा इंजिनियर दर वेळी बुधवारी सकाळी यायचा, कोरड्या ठणठणीत खड्ड्यात टॉर्च मारायचा आणि लिहून जायचा, 'हवेतला दमटपणा'.

फुएन्सान्ताला मंगळवारी आणि शुक्रवारी व्यायामासाठी दवाखान्यात न्यावं लागे. डॉक्टरनं बजावलं होतं, हे चुकलं तर पाय कायमचा आखडेल. चार मजले ती उतरणार कशी? तर ती दोन माणसांच्या हातांवर उतरायची. त्यातली एक माराव्हियास, औषधाच्या दुकानात काम करणारी, तोंडानं फटकळ आणि त्या वर्षीची इमारतीची अध्यक्ष. अध्यक्षपद कुणी मागून घेत नाही. चिठ्ठीत नाव निघतं आणि निघालं की सुटका नसते. दुसरा विल्सन, एक्वादोरचा, लिंबं भरायच्या गोदामात कामाला, तिसऱ्या मजल्यावर राहणारा. सकाळी पावणेनऊला दोघं वर येत, फुएन्सान्ताला हात असलेल्या खुर्चीत बसवत, पट्ट्यानं बांधत आणि उचलत.

"विल्सन, तू वरच्या बाजूला, मी खाली. काकू, तुम्ही हलायचं नाही. मागच्या वेळी शेजारणीला हात केलात आणि मी तुमच्या आधी स्वर्गात पोचले असते."

"मग काय तोंड फिरवून बसू?" फुएन्सान्ता म्हणायची. "आठवड्यात तेवढीच एक भेटते मला."

"सेन्योरा, आज हलक्या लागताय," विल्सन दम टाकत म्हणायचा.

"खोटं बोलू नकोस रे पोरा. काल सशाचा भात दोनदा घेतलाय मी."

मागून हिनेस, हातात तिची पर्स आणि उशी. प्रत्येक मजल्यावर त्याचं एकेक 'आभारी आहे, देव तुमचं भलं करो.' माराव्हियास एकदा वैतागून म्हणाली, "काका, आभार नंतर माना, आधी दिव्याचं बटण दाबा!"

ऑगस्टच्या शेवटच्या शुक्रवारी माराव्हियास वही घेऊन हिनेसच्या स्वयंपाकघरात बसली. खालून चार मजले चढून आल्यावर तिला कॉफी लागायचीच. ती म्हणाली, "तीन वर्षांची हमी तीस सप्टेंबरला संपते. त्याच्या आत कंपनीचा दोष सिद्ध झाला नाही तर लिफ्ट आपल्या गळ्यात. मी सगळं लिहून ठेवलंय, काका, पण मला काही अर्थ लागत नाही. तुम्ही इथल्या जमिनीचे. बघा जरा."

वहीत फक्त तारखा होत्या. पाच जून. एकोणीस जून. तीन जुलै. सतरा जुलै. एकतीस. मग चौदा ऑगस्ट आणि काल, अठ्ठावीस.

"आणि वेळ?" हिनेसनं विचारलं. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला.

"रखवालदार म्हणतो, पंप नेहमी पावणेआठच्या सुमारास ओरडायला लागतो. संध्याकाळी. का हो?"

"काही नाही," हिनेस म्हणाला, आणि त्यानं तिच्या कपात आणखी कॉफी ओतली.

काही नाही कसं? गुरुवार, एक सोडून एक, संध्याकाळी साडेसात. ही त्याच्या बागेची पाण्याची पाळी होती. त्याच्या आज्याच्या काळापासून तीच. लहानपणी लग्नकार्य, जत्रा, सगळं या गुरुवारच्या बेतानं ठरायचं. पुढची पाळी अकरा सप्टेंबरला होती. त्या संध्याकाळी तो घरातून निघाला आणि वरच्या बागांमधून पाटाच्या काठानं चालत गेला. साडेसातला पाच मिनिटं असताना पाटकरी पेंचो सायकलवरून आला, त्यानं पाटाची फळी उचलली आणि पाणी खाली सोडलं. पेंचो आणि हिनेस एका शाळेत होते.

"हे कुणाचं पाणी सोडतोस?" हिनेसनं विचारलं.

"कुणाचं म्हणजे? तुझं!"

"माझं शेत कुठाय आता?"

"शेत नसेल. नाव आहे ना पाळ्यांच्या यादीत? नाव काढायचं तर स्वतः पाणीवाटप मंडळात जाऊन सही करावी लागते. तू आला नाहीस. तू आला नाहीस तोवर मी सोडणार. तुझ्या बापाची पाळी मी कधी चुकवली नाही, तुझी चुकवू?"

"पण ते जातं कुठं, याचा विचार नाही केलास?"

पेंचोनं टोपी मागे सारली. "मला वाटलं, त्या बिल्डरनं खालून नळ घालून नदीला नेलं असेल. एवढं खोल खणतात ती माणसं, एक पाट त्यांना दिसला नसेल?"

पाट त्यांना दिसला नव्हता, कारण हिनेसनं तो नाही म्हणून लिहून दिलं होतं. व्यवहाराच्या दिवशी कंपनीच्या माणसानं एक कागद पुढे केला होता: 'या जमिनीतून वाहता पाट जात नाही.' हिनेसनं थोडा वेळ पेन हातात धरलं. वाहता पाट आहे म्हटलं असतं तर मंडळाची परवानगी, नकाशे, वर्ष-दोन वर्षं. फुएन्सान्ताचे गुडघे दिवसेंदिवस बिघडत होते. त्यानं सही केली. आणि त्याच आठवड्यात मंडळात जाऊन यादीतलं नाव काढायचं होतं, ते मात्र त्याच्या हातून होईना. बाग गेली, झाडं गेली, निदान पाणी तरी आपल्या नावानं वाहू दे, असं त्याला वाटलं. एका कागदावर त्यानं पाट मेला म्हणून लिहिलं आणि दुसऱ्यावर जिवंत ठेवला. त्या जिवंत पाटाचं पाणी दर पंधरा दिवसांनी इमानेइतबारे आपली बाग शोधत यायचं, आधी भिंतीमागच्या मातीत मुरायचं आणि या जूनपासून भिंतीतून वाट काढून लिफ्टच्या खड्ड्यात पडायचं.

हिनेसनं हे सगळं सांगितल्यावर पेंचोनं सायकल झाडाला टेकवली. मग म्हणाला, "अरे, मग अवघड काय? सोमवारी ये, सही कर, नाव काढ. पाणी बंद. कुणाला कळतंय?"

"खरंच कुणाला कळणार नाही?"

"मी तर बोलत नाही. फक्त..." पेंचोनं वरच्या बागांकडे बघितलं. "ऑक्टोबरचा मोठा पाऊस आला की वरचं सगळं पाणी याच पाटानं उतरतं. ते काही यादी बघून येत नाही."

हिनेस पाटाच्या काठानं परत आला. सोमवारी तो मंडळाच्या दारापर्यंत गेला आणि आत न जाता घरी आला. सही केली असती तर सगळं निस्तरल्यासारखं दिसलं असतं. महिनाअखेर हमी संपली असती. मग एखाद्या पावसात लिफ्टच काय, अख्खं गॅरेज भरलं असतं, आणि भरपाई माराव्हियासनं, विल्सननं, पोरंबाळं असलेल्या बावीस घरांनी केली असती. आणि खरं सांगितलं तर? कंपनी त्याचा कागद काढणार. सगळं खापर त्याच्या डोक्यावर. ज्या दोन माणसांनी त्याच्या बायकोला दोन महिने हातांवर वाहिलं, ती तोंडही बघणार नाहीत. फुएन्सान्ता चौथ्या मजल्यावर अडकून पडेल.

मंगळवारी दोघं पुन्हा आली. त्या दिवशी माराव्हियासचं मनगट दुखत होतं; तिनं त्याला पट्टी गुंडाळली होती. तिसऱ्या मजल्यावर खुर्ची जरा टेकवून ती मनगट चोळत उभी राहिली आणि म्हणाली, "चला, अजून तीन." हिनेसच्या तोंडून आभाराचा शब्द निघेना. विल्सननं वळून विचारलं, "डॉन हिनेस, बरं वाटत नाही का?" त्या प्रेमानं विचारलेल्या प्रश्नानं त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी फुएन्सान्तानं त्याला गाठलंच. पन्नास वर्षं संसार केलेल्या बायकोपासून काय लपतं? "तू आठ दिवस जेवत नाहीस. दोन वेळा लिंबं कापायला घेतलीस आणि तशीच ठेवलीस. बोल."

त्यानं सांगितलं. सगळं, कागद, यादी, पेंचो.

"माझ्यासाठी सही केलीस," शेवटी ती म्हणाली.

"तुझ्या गुडघ्यांसाठी."

"मग आता माझंच ऐक. मी या चौथ्या मजल्यावर मरेपर्यंत बसून राहीन, पाय आखडला तर आखडला. पण त्या पोरीच्या दुखऱ्या हातांवर खोट्याचं ओझं घालून मला खाली नेऊ नकोस. सांगून टाक, हिनेस."

पंचवीस सप्टेंबरला, गुरुवारी, बैठक भरली. दिवस हिनेसनंच मागून घेतला होता. माराव्हियासला वाटलं, म्हाताऱ्याचा काहीतरी नवसबिवस असेल. पहिली हाक सातची, पुरेशी माणसं जमली नाहीत तर दुसरी साडेसातची. पहिल्या हाकेला यायचं म्हणजे आमच्याकडे अडाणीपणा समजतात, त्यामुळे सातला फक्त इंजिनियर आणि हिनेस. साडेसातला प्रवेशदालन भरलं. सामाईक हॉलला अजून वीजच जोडलेली नव्हती, म्हणून सगळे घरनं प्लास्टिकच्या खुर्च्या आणून दालनात बसले होते.

इंजिनियरनं कागद वाचला: पाण्याचं कारण निसर्गातलं, कंपनीचा दोष नाही, अध्यक्षांनी इथे सही करावी. माराव्हियासनं पेन हातात घेतलं नाही, पण तिच्याजवळ बोलायला मुद्दाही नव्हता. हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"मला बोलायचंय," हिनेस उठला. तीन वर्षांत तो बैठकीत पहिल्यांदाच बोलत होता. त्यानं पाट सांगितला, गुरुवार सांगितला, यादीतलं नाव सांगितलं. सहीचा कागदही सांगितला. मग इंजिनियर हसला आणि पिशवीतून तोच कागद काढला. तो सोबत घेऊनच आला होता, म्हणजे कंपनीला पाटाचा वास आधीच लागला होता.

"ही आपलीच सही ना, सेन्योर बेलमोन्ते? 'वाहता पाट जात नाही.' आता आपण म्हणता जातो. आम्ही कशावर विश्वास ठेवायचा?"

"कशावरच नको," हिनेस म्हणाला. "खाली चला."

बावीस घरांची माणसं गॅरेजमध्ये उतरली. लिफ्टच्या खड्ड्याची झडप उघडी होती. रखवालदारानं टॉर्च धरला. खड्डा कोरडा होता. मिनिटं जात होती. कुणीतरी खाकरलं, कुणीतरी म्हणालं, म्हाताऱ्याला भ्रम झालाय. पावणेआठला दोन मिनिटं असताना भिंतीच्या तळाशी सिमेंट ओलं दिसायला लागलं, मग तिथून एक बारीक धार फुटली, मग तीच धार मनगटाएवढी झाली. पाण्याबरोबर एक लिंबाचं पान आणि एक घाबरलेला बेडूक आत आला. वरती पंपाचा भोंगा ओरडायला लागला. 'हवेतला दमटपणा' एवढंच मागून कुणीतरी हळूच म्हटलं, आणि दोघेतिघे हसले.

माराव्हियास हसली नाही. ती हिनेसकडे वळली. "तुम्हाला कधीपासून माहीत होतं, काका?"

"संशय महिनाभर. खात्री चौदा दिवस."

"चौदा दिवस! या हातांनी चार वेळा उतरवलं मी काकूंना या चौदा दिवसांत. चार वेळा! आणि तुम्ही मागून पर्स घेऊन येत होतात!" तिचा आवाज गॅरेजभर घुमला. हिनेस मान खाली घालून उभा राहिला.

इंजिनियरला वाटलं, आपलं काम झालं. "म्हणजे पाणी सेन्योर बेलमोन्तेंचं. कंपनीचा संबंध संपला."

माराव्हियास तशीच त्याच्याकडे वळली. राग तोच होता, फक्त माणूस बदललं. "पाणी त्यांचं असेल हो. खड्डा कुणी खणला? पाच मीटर खोल खणताना तुमच्या लोकांना पाट दिसला नाही? की दिसला आणि त्याच्यावर भिंत बांधलीत? त्यांनी एक ओळ खोटी लिहिली. तुम्ही अख्खी इमारत खोटी बांधलीत! रखवालदार, फोटो काढा, वेळेसकट. उद्या सकाळी पत्र जाईल, पोचपावतीनं, हमी संपायच्या चार दिवस आधी."

पुढचं सगळं वकिलांच्या चालीनं झालं. कंपनीनं नोव्हेंबरात पाटाला जमिनीखालून वळण दिलं, खड्ड्याच्या भिंतीला नवा लेप लावला, लिफ्टमध्ये नवा भाग बसवला. तलावाचा काठ अजून तिरकाच आहे. हिनेसनं बैठकीनंतरच्या सोमवारीच मंडळात जाऊन सही केली होती, आणि पेंचोनं यादीतल्या त्या नावावर रेघ मारताना त्याच्याकडे बघायचं टाळलं. पण हिनेसला विचारलंत तर तो यातलं काहीच सांगत नाही. तो बैठकीच्या दुसऱ्या दिवसाचं सांगतो.

दुसरा दिवस शुक्रवार. लिफ्ट बंदच होती. हिनेसनं सकाळीच दवाखान्यात फोन करून आज येणार नाही असं कळवायला घेतलं होतं. फुएन्सान्ता कपडे करून खुर्चीत बसली होती, सवयीनं. "फोन ठेव," ती म्हणाली. "नऊ वाजू देत."

"कोण येणार, फुएन्सान्ता? कशाला येतील?"

पावणेनऊला बेल वाजली. दारात विल्सन, गोदामाचे कपडे चढवून, आणि त्याच्यामागे माराव्हियास. मनगटाला पट्टी होती. तिनं 'सुप्रभात' म्हटलं नाही. ती सरळ आत आली, पट्टा घेतला, फुएन्सान्ताच्या कमरेला बांधला आणि दोनदा ओढून बघितला.

"विल्सन, तू वर. मी खाली."

चार मजले ती हिनेसशी एक शब्द बोलली नाही. फक्त पावलांचा आवाज, आणि दिवा विझला की हिनेस धावत जाऊन बटण दाबायचा. तळाला पोचल्यावर खुर्ची जमिनीला टेकली. माराव्हियासनं कपाळावरचा घाम पुसला आणि त्याच्याकडे बघितलं.

"काका, मी अजून चिडलेली आहे."

"हो."

"बरेच दिवस चिडलेली असणार आहे."

"बरोबर आहे, पोरी."

"मंगळवारी पावणेनऊ. काकूंना तयार ठेवा."

आणि ती दुकानात निघून गेली, कारण शटर उघडायची वेळ झाली होती. हिनेसनं शिव्यांची तयारी ठेवली होती, पाठ फिरवण्याची, कोर्टाच्या कागदाचीसुद्धा. माणूस रागावलेलं असतानाही वेळेवर येतं, ओझं उचलतं, याची तयारी त्याच्याकडे नव्हती. चौऱ्याहत्तर वर्षांचा तो माणूस प्रवेशदालनात उभा राहून ढसाढसा रडला. विल्सननं त्याच्या हातातली पर्स काढून घेतली आणि म्हणाला, "चला, डॉन हिनेस, उशीर होतोय. सेन्योरांना गाडीत बसवायला मला एक हात लागेल."